खडूच्या फुल्या

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही कॉलेजच्या जर्नलची आहे. पुढची सहा पानं फाडून टाकली. बाकीची कोरी होती, ती वाया कशाला घालवायची.

आजपासून नोकरी लागली. नोकरी म्हणजे तीन महिन्यांची ट्रायल. मधुकररावांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून टाकलं की ३ मेला ठरवू, ठेवायचं की घरी पाठवायचं. उप्पलवाडीत त्यांचं ऑक्सिजन सिलिंडरचं गोदाम आहे. शहरातल्या अकरा दवाखान्यांना इथून सिलिंडर जातात. आतापर्यंत सगळा हिशोब रजिस्टरवर आणि लोकांच्या डोक्यात होता. आता ते रेडिओ टॅग लावणार आहेत आणि ते काम माझ्याकडे. माझ्याआधी दोन डिग्रीवाले मुलाखतीला आले होते म्हणे. मधुकरराव म्हणाले, त्यांना पंख्याखालून उठायचं नव्हतं.

बाबा कोराडीच्या पॉवर स्टेशनात फिटर आहेत. मी थर्ड इयरला कॉलेज सोडलं तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, जे सांगायचं ते आईमार्फत. तोंडी परीक्षेत सरांनी सगळ्यांसमोर माझी टर उडवली, मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि निघून आलो. परत गेलोच नाही. आई म्हणते, इथली राख साऱ्या कॉलनीच्या छतावर पडते, तुझ्या तं डोक्यातच पडली.

आज बाबांनी आईला सांगितलं, त्याला विचार डबा नेतो का. म्हणजे थोडं पिघळले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चार दिवसांत साडेतीनशे टॅग लावले. बोटं सोलली. टॅग म्हणजे बिल्ल्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, आत चिप. तो सिलिंडरच्या गळ्यात अडकवायचा. गोदामाच्या गेटवर दोन खांब आहेत, त्यांच्यावर रीडर. ट्रक खांबांमधून गेला की कोणकोणता सिलिंडर गेला हे आपोआप कॉम्प्युटरवर चढतं. बाहेर गेला की स्क्रीनवर हिरवा, म्हणजे भरलेला. परत आत आला की लाल, म्हणजे खाली, रिकामा. दवाखान्यात एक हातातला स्कॅनर दिलाय, टॅगवर धरला की तोच रंग तिथेही दिसतो. ना रजिस्टर, ना आरडाओरड.

ड्रायव्हर लहानू वीस वर्षांपासून इथे आहे. खाली सिलिंडर ट्रकमध्ये चढवताना तो प्रत्येकाच्या खांद्यावर खडूनं फुली मारतो. खिशात कायम पांढरा खडू, त्यामुळे त्याचा उजवा खिसा पिठाच्या गिरणीत काम केल्यासारखा. मी म्हटलं, आता याची गरज नाही लहानूभाऊ. तो म्हणाला, "तुमचं ते बिल्लं मले वाचता येते का? फुली मले अंधारात बी दिसते."

बरोबर आहे, पण वीस वर्षं वीस वर्षं काय करायचं. जग बदलतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहितो.

धंतोलीतल्या एका दवाखान्यात स्कॅनर कसा चालवायचा हे शिकवायला गेलो. तळघरात ऑक्सिजनची खोली आहे. भिंतीला दोन ओळी, सहा-सहा सिलिंडर जोडलेले. एक ओळ चालू, एक राखीव. चालू ओळ संपली की राखीव सुरू करतात, तिथून पाइप थेट वरच्या आयसीयूत. बाजूला स्टोअर. स्टोअर सांभाळणारी मुलगी पाठमोरी उभी होती, वेणीवरून ओळखली.

दीप्ती. कॉलेजच्या बसमध्ये दोन सीट पुढे बसायची. ती कोराडी नाक्यावर चढायची, मी त्याच्या आधीच्या स्टॉपला, आणि दोन वर्षं मी मुद्दाम मागे बसलो. एक शब्द बोललो नव्हतो. मी कॉलेज सोडलं, तिनं पूर्ण केलं.

तिनं वळून पाहिलं आणि म्हणाली, "तू जर्नल आपटणारा ना?"

मला वाटलं होतं माझं नावही तिला माहीत नसेल. तिला किस्सा माहीत होता. मी स्कॅनर उलटा धरून तिला शिकवत होतो हे दहा मिनिटांनी लक्षात आलं. ती हसली नाही, फक्त माझ्या हातातून घेऊन सरळ केला.

३ मे. त्या दिवशी पक्की नोकरी. मग तिच्या बाबांसमोर उभं राहायला तोंड राहील. इतकं साधं आहे सगळं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

वाईट दिवस. पहिली मोठी चाचणी होती. ट्रकमध्ये शंभर सिलिंडर, प्रत्येकाला टॅग. गेटमधून ट्रक गेला. स्क्रीनवर एकसष्ट.

परत घेतला, पुन्हा नेला. अठ्ठावन्न. मधुकररावांनी दोन बाहेरच्या लोकांना बघायला बोलावलं होतं. त्यांच्यासमोर ते एवढंच म्हणाले, "अभ्यास अर्धवट सोडलेल्या पोराला काम दिलं की असं होतं." त्याच क्षणी रीडर उचलून फेकावासा वाटला. नाही फेकला. दीप्ती आठवली.

टॅग विकणाऱ्या कंपनीला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, लोखंडाजवळ हे टॅग नीट बोलत नाहीत, लोखंडासाठी वेगळे येतात, महाग. मधुकरराव म्हणाले, आहे त्यात करून दाखव.

गुरुवार, २० फेब्रुवारी

शंभरपैकी शंभर.

झालं असं. लहानूला वाटेत टॅग तुटून हरवायची भीती. परवा मी त्याच्यावर ओरडलो होतो की एक जरी हरवला तर तुझ्या डोक्यावर. म्हणून त्यानं आज ट्रक भरल्यावर सगळे टॅग काढले, कापडी पिशवीत भरले आणि पिशवी सीटवर ठेवून निघाला. त्याला वाटलं, तिकडं गेल्यावर पुन्हा अडकवू. ट्रक गेटमधून गेला आणि स्क्रीनवर एका सेकंदात शंभर. मी तीनदा मोजले.

लोखंडापासून दूर गेले की टॅग कसे घडाघडा बोलतात. कंपनीच्या इंजिनियरला जे सुचलं नाही ते पिशवीनं केलं. मी लहानूच्या पाठीवर थाप मारली. तो बिचारा घाबरला होता, मी रागावलो असं समजून.

आता हाच नियम. गेटमधून जाताना टॅग पिशवीत. दवाखान्यात उतरवल्यावर लहानू परत अडकवेल, खाली घेताना काढून पिशवीत टाकेल.

शनिवार, २२ फेब्रुवारी

एक शंका काल जेवताना आली. पिशवीतले टॅग परत लावताना ज्याचा त्याला कसा लागणार? शंभर सिलिंडर, शंभर टॅग, लहानूला नंबर वाचता येत नाहीत. मग विचार केला, जाताना सगळे भरलेलेच असतात, येताना सगळे खाली. कोणताही बिल्ला कोणाच्याही गळ्यात पडला तर काय बिघडतं? माणसं थोडीच आहेत.

शंका मिटली. मधुकररावांना पिशवीचं सांगितलं नाही, फक्त आकडा दाखवला. ते खूष. नोटीस लावायला सांगितली, मीच टाइप केली: यापुढे सिलिंडरवर खडूनं खुणा करू नयेत. नवीन ग्राहक बघायला येतात, फुल्यांमुळे गोदाम भंगारासारखं दिसतं. लहानूनं नोटिशीकडे पाहिलं, मला वाचून दाखवायला सांगितली आणि खिशातला खडू काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

बुधवार, ५ मार्च

तिचा फोन आला. स्वतःहून. अकरा वाजून वीस मिनिटांनी.

म्हणाली, स्टोअरमधला एक सिलिंडर स्क्रीनवर हिरवा दाखवतोय पण मीटर लावलं तर काटा उठत नाही. मी म्हटलं, येतो. उप्पलवाडीहून धंतोली, बावीस मिनिटं, दुपारच्या ट्रॅफिकमध्ये. सिलिंडर खरंच खाली होता. बदलून दिला. ती म्हणाली, एवढ्यासाठी तू कशाला आला, लहानूभाऊला सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, माझीच जबाबदारी आहे.

एखादा चुकतो. पण असं वाटतं की तिला तो एक निमित्त म्हणून सापडला.

मंगळवार, ११ मार्च

आज दोन सिलिंडर. परत तिचा फोन. आई म्हणाली, "जितू, काहून हसून राहिला एकटाच?"

तिथे उन्मेष नावाचा एक जण भेटला. मशीनींची दुरुस्ती बघतो. चष्मा, हळू आवाज, पेन खिशाला. त्यानंच मीटर लावून तपासलं होतं. मला म्हणाला, तुमच्या गाडीतून सिलिंडर उतरवताना मी वर उभा राहून पाहिलं. गल्लीत पार्किंग नाही, मागून हॉर्न वाजतात, तुमचा ड्रायव्हर घाईत भरलेले उतरवतो, खाली त्यांच्याच बाजूला उभे असतात, आणि पिशवीतून टॅग काढून जो समोर येईल त्याला लावतो. मग खाली समजून भलतेच सिलिंडर गाडीत चढवून नेतो.

मी म्हटलं, वर उभं राहून पाहण्यापेक्षा खाली येऊन मदत करायची होती. दीप्तीनं माझ्याकडे पाहिलं, ते मला आवडलं नाही.

बुधवार, १९ मार्च

या आठवड्यात चार. दीप्ती आज फोनवर कमी बोलली. म्हणाली, निदान तुमच्या कॉम्प्युटरवर हे चार लाल कर. आमच्या स्कॅनरवरून बदलता येत नाही. रोज दुपारी मला स्टोअर स्कॅन करून माझ्या नावानं पाठवावं लागतं आणि मी खाली सिलिंडर भरलेला म्हणून पाठवते आहे.

मी म्हटलं, करतो.

मग बसलो करायला. एक सिलिंडर लाल केला की महिन्याचा अचूकतेचा आकडा खाली येतो. शंभरवरून नव्याण्णव पॉइंट काहीतरी. मधुकरराव रोज सकाळी चहा पिताना आधी तो आकडा बघतात. मिहानकडच्या एका नव्या दवाखान्याशी त्यांचं बोलणं चाललंय. ३ मेला दीड महिना उरला. चार सिलिंडर तर मी बदलून दिलेच ना? मग कागदावर लाल असले काय नि हिरवे असले काय.

तिला सांगितलं, केलं.

शुक्रवार, २८ मार्च

ऊन खूप आहे. दुपारी गोदामात पत्रा तापतो, सिलिंडरला हात लावला की चटका बसतो.

आज तिचा फोन नाही, कालही नाही, परवाही नाही. मीच गेलो, काही काम काढून. तर कळलं फोन का येत नाही. स्टोअरमध्ये काही सिलिंडरांच्या खांद्यावर खडूच्या फुल्या. निळ्या खडूच्या. दीप्ती म्हणाली, रोज सकाळी ड्यूटीवर आलो की आम्ही दोघं मीटर लावून बघतो आणि जो खाली आहे त्याला फुली मारतो, म्हणजे कोणी चुकून जोडणार नाही. आता स्क्रीनकडे बघतच नाही, फुली बघतो.

आम्ही दोघं.

मी विचारलं, कोणी सांगितलं हे करायला. ती म्हणाली, "तू लाल केलं नाही, जितेंद्र. मी रोज बघते. तू केलं म्हणून सांगितलं आणि केलं नाही."

मी काय बोललो ते लिहीत नाही. मोठ्यानं बोललो एवढं खरं. वॉचमन दारात येऊन उभा राहिला होता.

मंगळवार, १ एप्रिल

झोप नाही. ती सकाळी तळघरात जाते, तो खडू घेऊन जातो, दोघं एक एक सिलिंडर तपासतात. किती वेळ लागतो? वीस-बावीस सिलिंडर, एकेक मिनिट धरलं तरी वीस मिनिटं. रोज. मी दोन वर्षं बसमध्ये मागे बसून जेवढा वेळ तिच्याजवळ होतो तेवढा याला एका आठवड्यात मिळतो. आणि मिळतो कशामुळे, तर माझ्या कामात खोट काढून.

शनिवार, ५ एप्रिल

मधुकरराव म्हणाले, सोमवारी नव्या दवाखान्याचे लोक धंतोलीतली व्यवस्था बघायला येणार. आज जाऊन सगळं चकाचक कर. टॅग सरळ लटकलेले पाहिजेत, नंबर समोर.

पाचच्या सुमारास पोचलो. दीप्ती आणि उन्मेष निघतच होते. उद्या रविवार, दोघांनाही सुट्टी, बदली माणूस येतो. गेटबाहेर ती त्याच्या गाडीवर मागे बसली. एका बाजूला बसली, हात सीटच्या लोखंडाला धरून, त्याला धरून नाही, हे मी पाहिलं. पण बसली. मला हात केला. मी केला नाही.

खाली स्टोअरमध्ये बावीस सिलिंडर. बावीसच्या बावीस स्क्रीनवर हिरवे, चार वाजून दहा मिनिटांनी तिच्याच नावानं स्कॅन झालेले. आणि नऊ सिलिंडरांवर निळ्या फुल्या. फुल्या सारख्या नव्हत्या. काही रेघा जाड होत्या, काही बारीक, म्हणजे दोघांनी मिळून मारलेल्या. एकावर फुलीशेजारी हसरं तोंड काढलं होतं.

कोपऱ्यात बादली होती, फडकं होतं. मी नऊच्या नऊ पुसल्या. हसरं तोंड दोनदा पुसलं.

सोमवारी सकाळी आठच्या आत नऊ भरलेले आणून बदलून टाकीन. लहानूला सांगून ठेवलंय. मग पाहुणे येतील तेव्हा स्क्रीन पण बरोबर आणि सिलिंडर पण बरोबर. एका रविवारचा प्रश्न आहे.

खोली छान दिसत होती. फोटो काढून मधुकररावांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

रविवार, ६ एप्रिल

कूलरला नवीन खस लावली. बाबांनी शिडी धरली. बोलले नाहीत पण धरली. दुपारी फोन चार्जिंगला होता, चार मिस्ड कॉल. तीन मधुकररावांचे, एक अनोळखी. उद्या सकाळी बघू म्हणून ठेवला, मग राहवलं नाही म्हणून मधुकररावांना लावला. ते फक्त म्हणाले, उद्या लवकर ये, आणि कोणाशी बोलू नको.

सोमवार, ७ एप्रिल

लिहिणं जड जातंय, पण लिहितो.

बदली माणसानं रविवारी सकाळी राखीव ओळ जोडली. स्क्रीन बघून जोडली, सगळे हिरवे. सहापैकी चार खाली निघाले. अगदी कोरडे नव्हते, तळाला थोडी हवा होती, म्हणून सुरुवातीला काही कळलं नाही. दुपारी पावणेदोनला चालू ओळ संपली, राखीववर गेले, काही मिनिटांत तीही बसली. स्टोअरमधून एक आणला, खाली. दुसरा आणला, खाली. तिसरा भरलेला होता. वर आयसीयूत चार पेशंट होते. छोटे सिलिंडर तीन. चौथ्या खाटेवरच्या बाईला हातानं फुगा दाबून हवा देत राहिले. अकरा मिनिटं.

इंदूबाई. काटोलकडच्या. वय एकसष्ट. न्यूमोनिया होता आणि दोन दिवसांत वॉर्डात हलवणार होते. जिवंत आहेत. डोळे उघडतात, पण कोणाला ओळखत नाहीत.

पाहुणे आले नाहीत. लहानू नऊ भरलेले घेऊन सकाळी आठलाच पोचला होता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला गेटवरून परत पाठवलं.

बुधवार, ९ एप्रिल

मधुकररावांनी केबिनमध्ये बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला. प्रिंटआउट समोर ठेवली. शनिवार, चार दहा, बावीस सिलिंडर, सगळे भरलेले, स्कॅन करणाऱ्याचं नाव दीप्ती रामकृष्ण भोयर. म्हणाले, आपल्याकडून भरलेले गेले, गेटच्या नोंदी आहेत, शंभरपैकी शंभर. तिकडे काय अदलाबदल झाली ते त्यांनी बघावं, आपला संबंध नाही. मग म्हणाले, तुझी ट्रायल मी इथेच संपवतो. पक्का समज.

मी पिशवीचं सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. म्हणाले, मला जे माहीत नाही ते मला सांगू नकोस.

आईला सांगितलं नोकरी पक्की झाली. तिनं शिरा केला. बाबा म्हणाले, "बरं झालं गा." माझ्याकडे बघून म्हणाले. दीड वर्षांनी.

मी शिऱ्याची वाटी परत सरकवली.

गुरुवार, १० एप्रिल

तिचा फोन. आवाज बसलेला. तिला कामावरून थांबवलंय. म्हणाली, चौकशी समिती शनिवारी आहे. ते विचारतात, खाली सिलिंडर तुला माहीत होते तर भरलेले म्हणून का पाठवले. मी सांगते, फुल्या मारल्या होत्या. ते म्हणतात, एकाही सिलिंडरवर फुली नव्हती, बदली माणूसही तेच सांगतो. उन्मेष माझ्या बाजूनं बोलला तर त्याचंही नाव माझ्यासोबत जोडून राहिले.

मग म्हणाली, "शनिवारी संध्याकाळी तू खाली गेला होता. तू पाहिल्या ना फुल्या? एवढंच सांग त्यांना. बाकी मी बघते."

मी म्हटलं, पाहू.

ती म्हणाली, "पाहू नको जितेंद्र, सांग."

तिच्या डोक्यात आलंच नाही की मी पुसल्या असतील. एवढा विश्वास तिनं माझ्यावर टाकला, आणि टाकला तो याच गोष्टीसाठी.

शनिवार, १२ एप्रिल

तीन डॉक्टर, एक वकील, मधुकरराव, मी. दीप्ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मांडीवर पर्स घट्ट धरून. उन्मेषला बाहेर बसवलं होतं.

मला विचारलं, शनिवारी तुम्ही स्टोअरमध्ये गेलात तेव्हा सिलिंडरवर खडूच्या खुणा होत्या का?

मी म्हटलं, "मी निघालो तेव्हा एकाही सिलिंडरवर खूण नव्हती."

हे खोटं नाही. शब्दन् शब्द खरा आहे. मी दोन रात्री जागून हे वाक्य तयार केलं होतं आणि ते म्हणताना माझा आवाज हललासुद्धा नाही. वकिलानं लिहून घेतलं. कोणी विचारलं नाही की आला तेव्हा होत्या का. विचारलं असतं तर सांगितलं असतं. असं मला वाटतं.

दीप्ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. बसमध्ये कोणी आपल्या पायावर पाय देऊन पुढे गेलं की त्याच्या पाठीकडे बघतो तसं.

बाहेर आलो तर जिन्याजवळ एक म्हातारा उभा. धोतर, हातात दवाखान्याची फाइल, तिला वरून पॉलिथिन गुंडाळलेलं. वामनराव, इंदूबाईंचे यजमान. कोणी तरी त्यांना मी कोण ते सांगितलं असावं. मला म्हणाले, "बाबू, तुमीच ते मशीनवाले ना? माही बुडी डोये उघडून पाह्यते, पन मले ओयखत नाही. काल तिनं मले इचारलं, तुमी कोनाच्या घरचे." फाइल या हातातून त्या हातात घेतली. "मले कोनी सांगून नाही राहिलं. तुमच्या मशीनीत कोनाचं नाव आलं?"

मागे मधुकरराव उभे होते. पुढे बाकावर उन्मेष, उठून आमच्याकडेच येत होता.

मी नाव सांगितलं. दीप्ती रामकृष्ण भोयर. मशीनमध्ये तेच आहे. कॉलेजात दोन वर्षं हे नाव मी प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, तोंडानं पूर्ण कधी उच्चारलं नव्हतं. पहिल्यांदा आज.

म्हाताऱ्यानं माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं, पाठ व्हावं म्हणून.

मंगळवार, १५ एप्रिल

नव्या दवाखान्याचं काम मिळालं. साठ सिलिंडर गेले. लहानूनं टॅग पिशवीत भरले. मी म्हटलं, लहानूभाऊ, आजपासून पिशवी बंद. तो म्हणाला, "मंग गेट बोलन का साहेब?" नाही बोलणार, हे मला माहीत आहे आणि त्यालाही. ट्रक गेला, पिशवी सीटवरच होती, साठपैकी साठ. मी काही केलं नाही. कठड्यावर खडू शोधला, कोणी तरी झाडून टाकला होता.

वामनरावांनी पोलिसात तक्रार दिली. नाव बरोबर पाठ झालं होतं.

बुधवार, १६ एप्रिल

ठाण्यातून फोन आला. उद्या अकराला जबाब. हवालदार सभ्य होता. म्हणाला, तुमचा जबाब महत्त्वाचा आहे, तुम्हीच शेवटी खाली होतात, जेवढं आठवतं तेवढं सांगा. त्या मुलीलाही त्याच वेळेला बोलावलंय.

दोन दिवस तिला फोन लावतोय, उचलत नाही. उचलला असता तर फोनवरच सांगून टाकलं असतं. बादली, फडकं, नऊ फुल्या, पिशवी, सगळं. खरं सांगतो, जिभेवर आहे. नोकरी गेली तर गेली. बाबा परत बोलणं बंद करतील, करू देत. इंदूबाईंचं जे झालं ते माझ्यामुळे झालं, हे मी इथे लिहून ठेवतो, पहिल्यांदा लिहितोय.

उद्या तिथे बाकावर आम्ही शेजारी बसू. निळा शर्ट इस्त्रीला दिलाय.

ती रिक्षानं आली, किंवा तिच्या बाबांसोबत आली, तर मी आत जाऊन सगळं सांगणार. पक्कं ठरवलं. उन्मेषच्या गाडीवर मागे बसून आली, तर मग मला काही आठवत नाही.